'गॉथिक'ला मराठीत काय म्हणावं?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: "शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'वर टिपण लिहिते आहे. समीक्षक तिला गॉथिक म्हणतात. मी 'भयकादंबरी' असं लिहिलं, पण मनाला पटत नाही. शिवाय मुंबईचं सीएसएमटी स्टेशनही गॉथिकच म्हणे. मग या शब्दाचा नेमका अर्थ काय?"

ताई, 'भयकादंबरी' खोडाच. तुमची शंका अगदी रास्त आहे.

गॉथ ही मुळात एक जर्मानिक जमात. इ.स. 410 मध्ये त्यांच्यातल्या एका शाखेने रोम लुटलं. पुढे हजारेक वर्षांनी, प्रबोधनकाळातल्या इटालियन लेखकांना मध्ययुगातल्या चर्चची टोकदार कमानींची बांधणी ओबडधोबड वाटायला लागली आणि त्यांनी ती रानटी गॉथांच्या माथी मारली. त्या चर्चशी गॉथांचा काही संबंध नव्हता. शिवी म्हणून दिलेला शब्द नाव होऊन बसला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये याच जुन्या वास्तूंची ओढ लागली. होरेस वॉलपोल या लेखकाने स्वतःचं घर त्या धाटणीने सजवलं, 1764च्या अखेरीस 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिला 'अ गॉथिक स्टोरी' असं उपशीर्षक जोडलं. त्याला अभिप्रेत होती 'मध्ययुगातली गोष्ट'. पण त्या गोष्टीतला किल्ला, भुयार, छळली जाणारी मुलगी, पूर्वजाचं पाप हे सगळं शब्दाला कायमचं चिकटलं. 1878 साली बांधायला घेतलेलं सीएसएमटी हे त्याच ओढीचं व्हिक्टोरियन रूप. तिथल्या टोकदार कमानी आणि भिंतींतून डोकावणारे दगडी प्राणी रोज लाखो लोक पाहतात.

म्हणजे या शब्दाच्या मुळाशी भूत नसून वास्तू आहे. 'भयकथा' या शब्दाचा भर वाचकाला काय वाटेल यावर असतो. रत्नाकर मतकरींमुळे परिचयाचा झालेला 'गूढकथा' हा शब्द उकल न झालेल्या गोष्टीकडे बोट दाखवतो. या दोन्हींत घर कुठेच येत नाही, आणि 'जेन एअर'मध्ये घर वगळलं तर फारसं काही उरत नाही. म्हणून माझं मत: 'गॉथिक' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून सांगा. मराठीचं खरं काम त्याच्या आतल्या बारकाव्यांसाठी आहे आणि तिथे आपल्याकडे फार सुंदर शब्द आहेत.

सुरुवातीचा लाल खोलीचा प्रसंग घ्या. दहा वर्षांच्या जेनला मामी त्या खोलीत कोंडते. मामा तिथेच वारलेले. अंधारून येतं, भिंतीवर उजेडाची एक तिरीप हलते आणि पोरगी किंचाळते. तो बहुधा बाहेरून कुणीतरी नेत असलेला कंदील होता, हे मोठेपणी सांगताना ती कबूल करते. इथे 'भीती' हा शब्द सपाट पडतो. भीतीला समोर काहीतरी लागतं. काही दिसलेलं नसताना 'आता काहीतरी होणार' म्हणून जीव मुठीत धरून बसणं याला आपण धास्ती म्हणतो. ही कादंबरी धास्तीवर चालते.

आणि मग थॉर्नफील्ड, रॉचेस्टरचा वाडा. मोठी झालेली जेन तिथे शिक्षिका म्हणून येते आणि पुढे रॉचेस्टरशीच तिचं लग्न ठरतं. तिसऱ्या मजल्यावरचा अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना बंद काळी दारं. घराची व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस फेअरफॅक्स जेनला वास्तू दाखवताना म्हणतात की इथे भूत असतं तर त्याचा 'हाँट' इथेच असता. थोड्याच वेळात ते कोरडं हसू ऐकू येतं. 'हाँट' हे मूळचं जुन्या फ्रेंचमधलं क्रियापद, अर्थ 'वारंवार जाणं-येणं'. आपल्याकडे याला 'झपाटणे' लावायची सवय झाली आहे. पण माझ्या कानाला माणूस झपाटतो, घर झपाटत नाही. वाड्याबद्दल जुनी माणसं बोलायची ती अशी: "तिथे वावर आहे." (विदर्भ-मराठवाड्यातलं वावर म्हणजे शेत, ते वेगळं.) आता या शब्दाची ताकद पाहा. वावर जिवंत माणसाचाही असतो आणि मेलेल्याचाही. थॉर्नफील्डमध्ये भूत नाहीच. तिथे आहे बर्था, रॉचेस्टरची जमैकाहून आणलेली बायको, दहा वर्षं त्या मजल्यावर कोंडलेली. रात्री ती सुटते, नवऱ्याच्या अंथरुणाला आग लावते, जेनची लग्नातली ओढणी फाडते. घर तिचं आहे, पण तिथे तिला जागा नाही. तिचा फक्त वावर आहे. 'झपाटलेलं घर' लिहिलंत तर बर्था भूत होते. 'वावर' लिहिलंत तर ती बाईच राहते. लेखिकेवर तेवढा अन्याय होऊ देऊ नका.

शेवटाकडच्या एका प्रसंगासाठीही एक शब्द सुचवतो. सेंट जॉन हा जेनचा धर्मोपदेशक आतेभाऊ तिला गळ घालत असतो, लग्न कर आणि मिशनऱ्याची बायको म्हणून हिंदुस्थानात चल. ती होकाराच्या काठावर असताना कितीतरी कोसांवरच्या रॉचेस्टरने तीनदा पुकारलेलं तिचं नाव तिला ऐकू येतं. बाकी साऱ्या चमत्कारांचा उलगडा कादंबरी करते. याचा पुरता करत नाही. रॉचेस्टर नंतर सांगतो की त्या रात्री आपण खरंच तिला पुकारलं होतं आणि तिचं उत्तरही ऐकलं होतं. आपणही ऐकलं, हे जेन त्याला सांगत नाही.

तिथे 'आवाज' लिहू नका, 'भास' तर नकोच. 'हाक' लिहा. रात्रीच्या हाकेला ओ देऊ नये, असं बजावणाऱ्या आज्या आपल्या घराघरांत होत्या, त्यामुळे मराठी वाचकाच्या अंगावर त्या एका शब्दाने काटा येईल. जेन मात्र ओ देते, दाराकडे धावते. तिच्या उत्तराचं 'मी येत आहे' असं भाषांतर मी एके ठिकाणी वाचलं आणि हळहळलो. हाकेला मराठी बाई एकच उत्तर देते: "आले!"