एक फलक काढून टाकावा का, असं तू विचारलंस

सोलापूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी ‘वयात येताना’चे चौदा फलक तुम्ही पोरांनी रात्री जागून केलेत. आता काही पालक कॉलेजात येऊन गेले, आणि हस्तमैथुनाचा फलक तेवढा काढा, बाकीचे राहू द्या, असं तुम्हाला सांगण्यात आलं. ‘एकासाठी तेरा कशाला घालवायचे, बाई?’ असं तू लिहितेस. मला वाटतं, तो फलक काढू नकोस.

2012 साली कॅनडात, ओटावाच्या राष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात असाच प्रसंग आला. तरुणांना लैंगिकतेची शास्त्रीय माहिती देणारं ते प्रदर्शन मॉन्ट्रियलच्या विज्ञान केंद्राने बनवलेलं होतं. मॉन्ट्रियल आणि रेजायना इथे ते आधी दाखवूनही झालं होतं. राजधानीत आलं तेव्हा मात्र तक्रारी सुरू झाल्या, आणि सांस्कृतिक वारसा खात्याचे मंत्री जेम्स मूर यांनीही नापसंती कळवली. संग्रहालयाने दोन बदल केले. एकट्याने आत जाण्याचं वय 12 वरून 16 केलं, आणि एक छोटी ॲनिमेशन फीत काढून टाकली. ती हस्तमैथुनाविषयीची होती. पृथ्वीच्या त्या टोकालाही पहिली कात्री तिथेच लागली, बघ.

वयाचं म्हणशील तर सोळा वर्षं म्हणजे फार उशीर. मुली साधारण आठ ते तेरा आणि मुलगे नऊ ते चौदा या वयात वयात येऊ लागतात. सोळाव्या वर्षी त्यांना जे सांगायचं, ते तोवर त्यांना कुणीतरी सांगून झालेलं असतं. ते कोण सांगतं, हे मी जवळून पाहिलंय.

मी पूर्व भागातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होते तेव्हाची गोष्ट. वर्गातल्या एका मुलीचा थोरला भाऊ यंत्रमागावर कामाला होता, सतरा-अठरा वर्षांचा. तिची आई माझ्याकडे आली, पोरगा आठवड्याचा पगार पुरता घरी देत नाही म्हणून. दारूचं व्यसन असेल अशी तिला भीती. मी त्याला बोलावलं. बराच वेळ तो खाली मान घालून बसला, मग म्हणाला, ‘बाई, धातू जाते.’ रस्त्याकडेला तंबू ठोकून बसलेल्या वैद्याने त्याला सांगितलं होतं की शंभर थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब होतो, आता लग्न करू नकोस, सहा महिने पुड्या घे. तो दर आठवड्याला पैसे नेऊन देत होता आणि रात्री झोपायला घाबरत होता. झोपेत वीर्य बाहेर पडणं हा शरीराचा नेहमीचा व्यवहार आहे, हस्तमैथुनाने कुणाचं रक्त आटत नाही की लग्नाला अडचण येत नाही, एवढंच मी त्याला सांगितलं. दोन मिनिटांचं काम. तो ओक्साबोक्शी रडला. त्याच्या वयाच्या पोराला तसं रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

तू काढशील ती जागा रिकामी राहणार नाही, मुली. तिथे तो तंबूवाला बसेल. आता तर तो पोरांच्या मोबाइलमध्येच बसलाय.

आणि आपल्या भाषेचंही बघ. ‘स्वप्नदोष’ या शब्दातच दोष आहे. पोरगं शब्द ऐकतं तिथेच गुन्हेगार होतं. फलकावर ‘झोपेत होणारं वीर्यस्खलन’ असं लिही. योनी, शिश्न, वृषण हे शब्दही सरळ लिही, ‘ती जागा’ म्हणू नकोस. लहान मुलाला कुणी नको तिथे हात लावला, तर ते सांगायला त्याच्याकडे त्या अवयवाचं नाव तरी हवं ना?

हे महाराष्ट्राला नवीन आहे असं कुणी म्हटलं, तर त्यांना र. धों. कर्व्यांची आठवण दे. 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारा हा माणूस. 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना मासिकात उत्तरं दिली, हा गुन्हा. त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. ते खटला हरले आणि कर्व्यांना दंड झाला, पण मासिक पुढेही निघत राहिलं. नंतर 2007 मध्ये आपल्याच राज्यात शाळांतल्या किशोरवयीन शिक्षणावरून एवढा गदारोळ झाला की तो कार्यक्रमच थांबवला गेला. तुला विरोध झाला तर तो तुझा एकटीचा नाही, एवढं यातून घे.

आता दुसरी बाजू, कारण तिथे माझं चुकलं होतं. पहिल्या वर्षी मी शाळेत पाळीचे तक्ते लावले आणि तिसऱ्या दिवशी ते उतरवून कपाटात ठेवावे लागले. मी वरिष्ठांशी खूप भांडले. आयांना मात्र मी एका शब्दानेही विचारलं नव्हतं. पुढच्या वर्षी एका संध्याकाळी त्यांच्या गल्लीतच गेले. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं नि तंबाखू, विड्या वळता वळता त्या ऐकत होत्या. त्यांतल्या काही तेलुगू घरांत मुलीच्या पहिल्या पाळीला तिला पाटावर बसवून, नटवून सोहळा करतात, पण रक्त का येतं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. एक जण म्हणाली, ‘बाई, पोरींना सांगायच्या आधी आम्हाला सांगा की. पोरीनं घरी विचारलं तर आम्ही काय बोलायचं?’ तिचा राग पाळीवर नव्हताच. आपल्या लेकीसमोर आपण अडाणी ठरू, ही तिची भीती होती. तक्ते त्या वर्षी कुणी उतरवले नाहीत.

म्हणून तुझ्या प्रदर्शनाचा पहिला दिवस फक्त पालकांचा ठेव. विरोध करून गेलेल्यांच्या घरी तू स्वतः जा, चौदाही फलक दाखव, आणि वाद घालायच्या आधी ऐकून घे. मजकूर मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूत हवाच, हे सोलापूर आहे. प्रश्नांसाठी बंद पेटी ठेव, चिठ्ठीवर नाव नको.

आणि त्यांचं जे पटेल ते मान्य कर. तुझा गुप्तरोगांचा फलक मला आवडला नाही. जखमांचे ते फोटो पाहून मूल घाबरेल, शिकणार काहीच नाही. तो कुणी न सांगता तूच काढ आणि लक्षणं, तपासणी कुठे करायची, उपचार काय, असा साधा नवा कर. हस्तमैथुनाच्या फलकावरचं चित्रही काढून टाकलंस तरी चालेल, चार ओळींचा मजकूर पुरतो. त्या चार ओळी मात्र सोडू नकोस.

रविवारी दुपारी ये, तेलुगू मजकूर वाचून दाखवायला मी शेजारच्या ताईंना बोलावून ठेवते. प्राचार्यांना द्यायचं पत्रही तेव्हाच लिहू.

तुझी,
बाई