नाताळ जवळ आला असताना चर्चमध्ये जगाच्या अंताचे उतारे का वाचतात?

प्रश्न रास्त आहे. घरोघरी तारे लागलेले असतात आणि आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्याच रविवारी वेदीवरून जगाच्या अंताचा उतारा ऐकू येतो; दर तीन वर्षांनी त्यात नोहाचा जलप्रलयही असतो (मत्तय २४).

कारण असं की येशूचं आगमन इथे दुहेरी आहे: बेथलेहेमात झालेलं आणि अजून व्हायचं असलेलं. म्हणून सुरुवात शेवटाकडून होते. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो. मरीया आणि योसेफ थेट चौथ्या रविवारी. बाळ पाहण्याआधी आपण कोणाची वाट पाहतोय हे विचारलं जातं. मला तरी हा क्रम फार आवडतो, गोड गोड नाताळापेक्षा जास्त.

उतारे धर्मगुरू मनाने निवडतात असं नाही. कॅथलिक चर्चमध्ये १९६९ पासून तीन वर्षांचं चक्र आहे: एक वर्ष मत्तयाचं शुभवर्तमान (बायबलमधलं येशूचं चरित्र), मग मार्क, मग लूक. बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चमध्येही जवळपास असंच चक्र चालतं. चौथ्या, योहानाच्या शुभवर्तमानाला (हा योहान बाप्तिस्मा करणारा नव्हे) स्वतंत्र वर्ष नाही, पण ईस्टरआधीचा उपवासकाळ आणि नंतरचा पुनरुत्थानकाळ यांत ते भरपूर येतं. मार्क लहान असल्याने त्याच्या वर्षात योहानाचा सहावा अध्याय, म्हणजे जीवनाच्या भाकरीचा, सलग पाच रविवार वाचतात. पाचव्या रविवारी प्रवचनकाराची थोडी दयाच येते!

घरी मनन करायचं असेल तर शनिवारी रात्रीच उद्याचा जुन्या करारातला उतारा आणि शुभवर्तमान शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत एखादा शब्द सारखा सापडतो का बघा. तिथूनच सुरुवात करा.