सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या मुलीला फक्त ज्वारीची भाकरी देतो, तरी पोट बिघडतं. काय चुकतंय?

आधी गिरणीवर संशय घ्या. गव्हापाठोपाठ ज्वारी दळली की गिरणीत अडकलेलं गव्हाचं पीठ तुमच्या डब्यात येतंच. आम्ही शेवटी घरघंटी घेतली. तीत गहू घालायचाच नाही, असा घरात नियम आहे.

दुसरा छुपा चोर म्हणजे हिंग! बाजारच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डबीवरची बारीक अक्षरं वाचा, तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो. तवा, परात, लाटणं वेगळं ठेवा. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ असेल तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं.

‘एका पुरणपोळीनं काय होतंय’ म्हणणाऱ्या मावशीला आधीच सांगा: त्रास दिसला नाही तरी आतड्याला इजा होते. एवढं करूनही थांबलं नाही तर डॉक्टरांकडून टीटीजी (सीलिॲकसाठीची रक्ततपासणी) तपासून घ्या.