जंतूंचं शिकून पोट भरेल का?

प्रश्न : मुलीला नीटमध्ये दोनदा मार्क कमी पडले. आता मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. करायचं म्हणते. शेवटी लॅबमध्ये लघवी-रक्तच तपासणार ना? – एक पालक, परळ

उत्तर : नमस्कार. तुम्ही परळचे, म्हणजे हाफकिन संस्थेवरून येणं-जाणं असणारच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्र शिकलेले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण मायक्रोबायोलॉजी म्हणजे मेडिकल हुकल्यावर उरलेली वाट, असा सूर तुमच्या पत्रात आहे.

आणि त्या ‘रक्तच’मधला ‘च’ काढून टाका. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू चांगलं खाद्य मिळालं की २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ दिवस लागतो, म्हणून त्याचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये मुद्दाम केलेली जंतूंची पैदास, वाढायला कित्येक आठवडे जातात. कोणतं औषध त्याला मारतं आणि कोणतं नाही, हे प्लेटवर, म्हणजे जंतूंचं खाद्य घातलेल्या चपट्या बशीत, उगवलेल्या जंतूंवरून कळतं. काही औषधांचं उत्तर आता जनुकीय तपासणीने तासांत मिळतं, पण तीही करणारा हात प्रशिक्षित लागतो. आपल्या मुंबईत औषधांना न जुमानणारा क्षय किती घरांत शिरलाय, हे परळच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दवाखान्याबाहेरही काम आहे. मधुमेहींचं इन्सुलिन जनुक बदललेल्या जंतूंकडून किंवा यीस्टकडून करून घेतात. इंजेक्शनची प्रत्येक बॅच निर्जंतुक आहे का, हे औषध कंपनीत तपासावं लागतं. शहराचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात येतं, तिथे घाण खाऊन संपवतात तेही जंतूच.

आता पैशांचं. नुसत्या बी.एस्सी.वर सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे मी लपवणार नाही. एम.एस्सी.ची तयारी ठेवा, म्हणजे पाच वर्षं धरून चाला. लवकर कमावणं गरजेचं असेल तर बी.एस्सी.नंतर डी.एम.एल.टी. हा लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा करता येईल. संशोधनात जायचं तर पुढे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि पीएच.डी.

निर्णयाआधी तिला एकच विचारा: आज प्लेटवर जंतू पसरायला रेघा ओढल्या, उद्या काहीच उगवलं नाही, परवा पुन्हा पहिल्यापासून, हे तिला झेपेल का? ती ‘हो’ म्हणाली, तर तिसऱ्यांदा नीटला बसवू नका.