अरिष्ट म्हणा, संकट नको

प्रश्न असा आला आहे: 'व्यापारचक्र' जोडून लिहावे की तोडून? आणि 'मंदीचे चक्र दर दहा वर्षांनी फिरते' हा प्रयोग बरोबर का?

जोडून. व्यापारचक्र म्हणजे तेजीमागून मंदी, मंदीमागून तेजी. तेजी-मंदीचे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. दहा वर्षांचे पालुपद मात्र वृत्तवाहिन्यांवर ऐकून कान किटले आहेत. ते लोकप्रिय करण्यात विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा मोठा वाटा. १८७०च्या दशकात या गृहस्थाने इंग्लंडमधल्या व्यापारी पडझडी थेट सूर्यावरच्या डागांशी जुळवल्या. डागांनी हिंदुस्थानातले पीक बुडते, मग लँकेशायरच्या कापडाला गिऱ्हाईक राहत नाही, आणि दोन्हींचा काळ म्हणे साडेदहा वर्षांच्या आतबाहेर! डागांचा काळ भरतो ११ वर्षांच्या आसपास. बर्न्स आणि मिचेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये स्वच्छ लिहिले की ही आवर्तने पुन्हा पुन्हा येतात, पण ठरलेल्या मुदतीने नाही. एखादे वर्षभराचे, एखादे दहा-बारा वर्षांचे. 'चक्र' म्हटले की लोकांना रहाटगाडगे दिसते, तिथेच घोटाळा होतो.

पण खरी गंमत या चक्रातल्या पडझडीला लावतात त्या 'क्रायसिस' शब्दात आहे. ग्रीक 'क्रिसिस' म्हणजे निवाडा. ग्रीक वैद्यकात ताप ज्या घडीला उतरणीला लागतो किंवा रोग्याला घेऊन जातो, ती घडी. हा शब्द घेऊन १८६२ मध्ये व्यापारी आवर्तनांवर ग्रंथ लिहिणारा क्लेमां ज्युग्लार पेशाने डॉक्टरच होता! त्याच्या मांडणीत भरभराट, क्रिसिस आणि मग हिशेब चुकते होण्याचा काळ असा क्रम आहे. क्रिसिस म्हणजे तेवढे वळण, पुढची रखडपट्टी नव्हे. अर्थशास्त्रज्ञ शुम्पीटरने १९३९ मध्ये नऊ-दहा वर्षांच्या आवर्तनाला ज्युग्लारचे नाव देऊन त्या डॉक्टरचा घड्याळजी करून टाकला, हे मला कधीच पटलेले नाही.

परिभाषाकार 'क्रायसिस'ला 'संकट' देतात. संस्कृतात संकट म्हणजे मुळात अरुंद, कोंडीची जागा. त्यात निवाडा कुठे आहे? आपल्या डाव्या मंडळींनी मार्क्ससाठी 'अरिष्ट' वापरला, तो शंभर पटींनी सरस. 'रिष्' म्हणजे इजा होणे. अ-रिष्ट म्हणजे इजा न झालेला, सुखरूप. तरी चरकसंहितेच्या इंद्रियस्थान या भागात मरण जवळ आल्याच्या खुणांना अरिष्ट म्हटले आहे, आणि दशमूलारिष्टाच्या बाटलीवरही तोच शब्द. मरणाची खूण आणि औषध, एकाच शब्दात! हे भाषांतरकारांनी जाणून केले असे माझे ठाम मत आहे. पुरावा मागू नका.

मार्क्सचे अरिष्ट पहिल्या अर्थाचे: भांडवलशाहीच्या अंगातलाच रोग त्यात उघडा पडतो. अर्थशास्त्रज्ञ हायेकचे (१९३१) दुसऱ्या अर्थाचे. बँका व्याज फार खाली ठेवतात, नको तितक्या लांब मुदतीचे प्रकल्प उभे राहतात. मंदी म्हणजे त्यावरचा कडू काढा, मुकाट प्यावा. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्सला (१९३६) दोन्ही अमान्य. गुंतवणुकीतून मिळेल अशी वाटणारी कमाई एकाएकी ढासळते, तो झटका म्हणजे क्रायसिस. शब्द त्याने ज्युग्लारसारखाच, वळणापुरता वापरला. वर त्याचे म्हणणे असे की तेजीवर उतारा म्हणून व्याज चढवू नका, उलट उतरवा. मंदी येऊच न देता देशाला कायम जवळजवळ तेजीत ठेवा.