बुलेट विकली, आरसीवर नाव तसंच राहिलं आणि आता क्लेमची नोटीस आली

नागपूरच्या मानेवाड्याच्या एका वाचक दादांचं पत्र आलंय. थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी नवी बुलेट घेतली, एमएच ३१ पासिंग. रविवारी रामटेक, खिंडसी, कधी आदासा, आणि ऑइल बदलणं, चेन साफ करणं सगळं घरच्या अंगणातच. जून २०२३ मध्ये ती गाडी ओळखीतल्या एका मुलाला १ लाख १० हजारात दिली. शंभरच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून त्याच्याच हातात दिले, तो म्हणाला मी आरटीओत जाऊन नावावर करून घेतो, आणि ते काही झालं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या मुलाच्या चुलतभावाने हिंगणा टी पॉइंटजवळ सायकलवर जाणाऱ्या एका काकांना उडवलं, मांडीचं हाड मोडलं. आता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली, मागणी १४ लाखांची, आणि गैरअर्जदार क्रमांक १, म्हणजे ज्यांच्यावर दावा लावला त्यांच्यात पहिलं, आपल्या दादांचं नाव. ते विचारून राहिले की गाडी माझी नाही, चालवत मी नव्हतो, इन्शुरन्स मी एकच वर्षाचा काढला होता, मग मी कशात अडकलो?

दादा, आधी कडू गोष्ट सांगतो. कायद्याच्या नजरेत गाडी अजून तुमचीच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर रजिस्ट्रेशन तो मालक. तुम्ही म्हणाल पैसे घेतले, चावी दिली, स्टॅम्प केला, मग विक्री झाली नाही का? तुमच्या दोघांमध्ये झाली. पण अपघातात मार खाल्लेल्या माणसाने गाडी आज कोणाकडे आहे हे शोधत फिरायचं नाही, आरसीवर नाव बघायचं आणि दावा लावायचा, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलंय. त्या केसमध्ये तर गाडी एकामागून एक अशी बऱ्याच हातांत गेली होती, तरी जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या पहिल्या माणसावरच आली. म्हणून "मी तर विकली होती" एवढ्या एका वाक्यावर तुम्ही सुटणार नाही, आणि कोणी वकील तसं सांगत असेल तर त्याला हा निकाल वाचायला सांगा.

आता ज्यासाठी मी तुमचं पत्र परत परत वाचलं ती गोष्ट. तुम्ही लिहिलंय, "इन्शुरन्स पहिल्या वर्षाचाच होता, नंतर रिन्यू केला नाही." दादा, गाडी घेतली तेव्हाची पॉलिसी शोधा, आजच शोधा, कपाटातल्या त्या फाइलमध्ये गाडीच्या बिलासोबत असेल. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या टू व्हीलरला थर्ड पार्टी इन्शुरन्स, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीचा, ५ वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, शोरूमवाला त्याशिवाय गाडी देतच नाही. तुमची गाडी २०२१ ची. म्हणजे त्या कागदावर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असणार, एक स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची, जी १ वर्षाची, फेब्रुवारी २०२२ ला संपली, तीच तुम्हाला लक्षात राहिली कारण रिन्यूवलचे फोन त्याचेच येत होते. आणि दुसरी ओळ थर्ड पार्टीची, ती फेब्रुवारी २०२६ पर्यंत. अपघात झाला नोव्हेंबर २०२५ मध्ये. कळलं ना मी काय म्हणतोय? अपघाताच्या दिवशी गाडीला इन्शुरन्स होता.

आणि विकल्यामुळे तो मेला असंही नाही. कलम १५७ म्हणतं की गाडीची मालकी दुसऱ्याकडे गेली की थर्ड पार्टीपुरती पॉलिसी आपोआप त्याच्याकडे गेली असं धरायचं. म्हणजे कंपनी दोन्हीकडून बांधलेली आहे, तुम्हाला मालक धरलं तरी आणि त्या मुलाला धरलं तरी. २०११ च्या पुष्पा ऊर्फ लीला विरुद्ध शकुंतला या केसमध्ये अगदी हाच पेच होता, विकलेला ट्रक, कागदावर जुना मालक, पॉलिसी त्याच्याच नावाची, आणि सुप्रीम कोर्टाने पैसे कंपनीलाच भरायला लावले. नोटीसमध्ये इन्शुरन्स कंपनी पार्टी आहे का बघा. तुमच्या पत्रावरून वाटतंय की नाही, कारण काकांच्या वकिलाकडे पॉलिसीचा नंबरच नसेल. मग पॉलिसीची कॉपी जोडून कंपनीला पार्टी करा असा अर्ज आपणच द्यायचा. त्या काकांच्याही हे भल्याचंच आहे, त्यांना तुमच्या पगारातून नव्हे तर कंपनीकडून पैसे मिळतील, आणि मांडीचं हाड म्हणजे रॉड, ऑपरेशन, महिनोन्‌महिने घरी बसणं, त्यांना ते पैसे मिळायलाच पाहिजेत. तुम्ही त्यांच्या विरोधात उभे आहात असं डोक्यातून काढून टाका.

कागद सापडला नाही तर घाबरू नका, एमपरिवहन अॅपवर गाडी नंबर टाकला की कंपनीचं नाव निघतं, शोरूमकडेही रेकॉर्ड असतं, कंपनीला चेसिस नंबर देऊन डुप्लिकेट मागता येते.

एक धोका मात्र आहे आणि तो लपवणार नाही. चालवणाऱ्या चुलतभावाकडे लायसन्स होतं का? तुम्ही काहीच लिहिलं नाही. नसेल तर कंपनी म्हणणार पॉलिसीची अट मोडली, आम्ही देणार नाही. अशा वेळी कोर्ट पुष्कळदा कंपनीला आधी काकांना पैसे द्यायला सांगतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं, आणि मालक म्हणजे परत तुम्ही. यात तुमची बाजू २००४ च्या स्वरणसिंह निकालावर उभी राहते. अट मालकाने जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने मोडली हे कंपनीला सिद्ध करावं लागतं, नुसतं लायसन्स नव्हतं एवढ्याने भागत नाही. जी गाडी अडीच वर्षं तुमच्या अंगणात नव्हती ती कोणाला चालवायला दिली जाते यावर तुमचा ताबा कसा असणार? पण हे पटवायला पुरावा लागतो, की ताबा खरंच जून २०२३ ला गेला.

आणि तो पुरावा तुमच्याकडे आहे, तुम्ही पत्रात सहज एका ओळीत लिहून गेलात. ती मेंटेनन्सची वही. दर सर्व्हिसला तारीख, किलोमीटर, कोणतं ऑइल, फिल्टर बदलला का, चेन किती टाइट केली, सगळं पेनाने लिहिलेलं, आणि शेवटची नोंद ११ जून २०२३, २३,४०० किलोमीटर, ऑइल आणि चेन, त्याखाली गाडी दिली असं लिहून रेघ मारलेली. त्या वहीला हात लावू नका, एक अक्षर नवीन लिहू नका, जशी आहे तशी पिशवीत घालून ठेवा. अपघातानंतर आरटीओच्या इन्स्पेक्टरने गाडी तपासलेली असते, तिथून आजचं रीडिंग मिळालं आणि ते ४० हजारांच्या घरात निघालं तर मधले किलोमीटर कोणी फिरवले हे वेगळं सांगावं लागणार नाही. सोबत त्या मुलाने पाठवलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट, "उद्या गाडी न्यायला येतो" वगैरे व्हॉट्सअॅप मेसेज, स्टॅम्प पेपर. तुमच्या मोबाइलवर आलेले ई-चलान पण काढा, फोटोत दुसराच माणूस गाडीवर दिसतो. फक्त हे माहीत असू द्या की चलान दुधारी आहे, समोरचा वकील विचारेल की चलान येत होते म्हणजे ट्रान्सफर झालं नाही हे तुम्हाला माहीत होतं, मग गप्प का बसलात? त्याला खरं तेच उत्तर द्या, मी त्या मुलाला फोन करत होतो, तो आज उद्या करत राहिला. कॉल आणि मेसेज असतील तर तेही.

नोटीसच्या तारखेला जायचंच. सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टात जाऊन वकीलपत्र लावा, लेखी जबाब द्या, त्या मुलाला पण पार्टी करायचा अर्ज द्या. गेले नाही तर एकतर्फी निकाल होतो आणि मग कलम १७४ खाली रक्कम कलेक्टरकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, घरावर येऊ शकतं ते. ऐपतीचा प्रश्न असेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे विचारा. कंपनी पार्टी झाली की अशी प्रकरणं लोकअदालतीत बऱ्याचदा तडजोडीने मिटतात, काकांना पण लवकर पैसे मिळतात.

पोलिसांना फोनवर तुम्ही "गाडी माझी नाही" एवढंच सांगून फोन ठेवला, ते बरोबर झालं नाही. कलम १३३ प्रमाणे चालक कोण होता याची माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. लेखी द्या, कोणाला, कोणत्या तारखेला विकली, त्याचा पत्ता, आणि पोचपावती घ्या. धडक दिल्याचा गुन्हा चालवणाऱ्यावर असतो, तुमच्यावर नाही, त्याची काळजी करू नका.

आता तो मुलगा तुम्हाला दोन गोष्टी मागून राहिला आणि दोन्हींना नाही म्हणा. एक, ठाण्यात पडलेली गाडी सोडवायला तुम्ही मालक म्हणून येऊन सुपुर्दनामा, म्हणजे जप्त गाडी ताब्यात घ्यायचा बाँड, करून द्या. तुम्ही एकीकडे मालक म्हणून बाँडवर सही करणार आणि दुसरीकडे दावा न्यायाधिकरणात ताबा माझ्याकडे नव्हता म्हणणार, दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात. त्याऐवजी कोर्टात शपथपत्र द्या की गाडी मी अमुक तारखेला याला विकली, त्याला ताबा द्यायला माझी हरकत नाही. दुसरी मागणी याहून वाईट, जून २०२३ ची तारीख टाकून आज फॉर्म २९ वर परत सही करून द्या. दादा, हे अजिबात करू नका. मागची तारीख टाकलेला कागद कोर्टात गेला की खोट्या पुराव्याची केस होते, आणि तुमच्याजवळ जो खरा पुरावा आहे त्याच्यावरचाही विश्वास उडतो. आज तुम्ही एक चूक केलेले प्रामाणिक माणूस आहात. ती जागा सोडू नका.

चूक काय झाली तेही सांगतो, कारण घरात दुसरी गाडी आहे म्हणता. राज्याच्या राज्यात विकलेल्या गाडीची खबर १४ दिवसांत आरटीओला द्यायचं काम कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याचं आहे, घेणाऱ्याचे ३० दिवस वेगळे. तुम्ही तुमचं काम त्याच्या हातात दिलं. तेच काम आता आजच्या तारखेने करा, आरटीओत लेखी कळवा, उशिराचा दंड असेल तो भरा. मागच्या अपघाताला त्याचा उपयोग नाही, पण ती बुलेट ठाण्यातून सुटून परत रस्त्यावर येणार आहे आणि तेव्हा फेब्रुवारी २०२६ वाला इन्शुरन्सही नसेल.

पॉलिसी सापडली की दुसऱ्या ओळीतली तारीख वाचून मला लिहा, आणि चुलतभावाच्या लायसन्सचं काय ते पण.