'हाउएव्हर'च्या आधी काय, नंतर काय?

प्रश्न : 'द रिपोर्ट इज रेडी, हाउएव्हर, द फिगर्स आर नॉट फायनल.' ऑफिसच्या मेलमधलं हे वाक्य चुकीचं ठरलं. 'हाउएव्हर'च्या जागी 'बट' असतं तर पहिला स्वल्पविराम चालला असता, असं सांगण्यात आलं. दोन्हींचा अर्थ 'पण' असाच ना? मग हा भेदभाव का?

उत्तर : अर्थ जवळचा असला तरी शब्दांची जात वेगळी आहे. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाच्या बळावर जोडण्याचा अधिकार व्याकरणाची पुस्तकं सातच शब्दांना देतात : फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोअरओव्हर', 'नेव्हरदलेस', 'कॉन्सिक्वेंटली', 'अदरवाइज' ही मंडळी त्यात नाहीत. ती क्रियाविशेषणं आहेत. दोन विधानांचं नातं ती सांगतात, पण वाक्यं जोडत नाहीत.

खात्री करायची तर शब्द जागेवरून हलवून पाहा. 'द फिगर्स, हाउएव्हर, आर नॉट फायनल' हे बिनचूक वाक्य आहे. 'हाउएव्हर' अगदी शेवटीही जाऊ शकतं. 'द फिगर्स बट आर नॉट फायनल' मात्र कोणी म्हणणार नाही. जो शब्द आपल्या वाक्यात असा फिरू शकतो, तो सांधा नव्हे.

आपली गफलत होते ती मराठीच्या सवयीने. 'अहवाल तयार आहे, मात्र आकडे अंतिम नाहीत' हे मराठीत खटकत नाही, म्हणून इंग्रजीतही हात तसाच वळतो. तिथे हा नियम केवळ शिस्तीसाठी नाही. हे पाहा : 'द ओल्ड पंप वॉज नॉइझी. इट वर्क्ड वेल, हाउएव्हर, द न्यू वन इज क्वायट.' इथे 'हाउएव्हर' मागच्या वाक्याचं की पुढच्याचं? मागे जोडलं तर 'जुना पंप आवाज करायचा, पण काम चांगलं करायचा' असा अर्थ निघतो. पुढे जोडलं तर 'काम चांगलं करायचा, पण नवा पंप शांत आहे.' दोन्हीकडे स्वल्पविराम असल्याने वाचणाऱ्याने ठरवायचं कशावरून?

तुमचं वाक्य तीन प्रकारे दुरुस्त होतं. एक, 'रेडी'नंतर पूर्णविराम देऊन 'हाउएव्हर' कॅपिटल अक्षराने सुरू करा. दोन, 'रेडी'नंतर अर्धविराम द्या; मग 'हाउएव्हर' लहान अक्षरानेच येईल. दोन्हींत 'हाउएव्हर'नंतरचा स्वल्पविराम कायम राहतो. तीन, सरळ 'बट' लिहा आणि त्याच्या आधी स्वल्पविराम द्या; नंतर मात्र नको. मेलसाठी आमची पसंती तिसऱ्याला.

प्रश्न : 'हाउएव्हर'च्या आधी अर्धविराम हे पाठ केलं. तरीही 'द ट्रेन; हाउएव्हर, वॉज लेट' चूक कसं?

उत्तर : कारण 'द ट्रेन' हे वाक्यच नाही. अर्धविरामाच्या डावीकडचा भाग झाकून उजवीकडचा वाचा, मग उलट करा. दोन्ही भाग स्वतंत्र वाक्यं म्हणून उभे राहत असतील तरच अर्धविराम. इथे शब्द एकाच वाक्याच्या मध्ये आला आहे, म्हणून दोन्ही बाजूंना स्वल्पविराम : 'द ट्रेन, हाउएव्हर, वॉज लेट.' यातला दुसरा स्वल्पविराम विसरणं ही नेहमीची चूक. एक उघडला की दुसरा बंद करायलाच हवा.

'हाउएव्हर'चा दुसरा अर्थ 'कितीही' किंवा 'कसंही', आणि तिथे त्याच्यानंतर स्वल्पविराम येत नाही : 'हाउएव्हर हार्ड यू पुश, द डोअर विल नॉट ओपन.' इथला स्वल्पविराम 'पुश'नंतर आहे, तो उपवाक्य संपलं म्हणून.

प्रश्न : 'ऑलदो' याच गटातलं का? 'ऑलदो, इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट' यात काय बिघडलं?

उत्तर : दोन गोष्टी बिघडल्या. 'ऑलदो' उपवाक्य सुरू करतं आणि त्याला चिकटूनच राहतं, त्यामुळे त्याच्यानंतरचा स्वल्पविराम काढा. 'बट'ही काढा. 'जरी' आलं की 'तरी' हवंच, ही आपली जोडी इंग्रजीत चालत नाही. 'ऑलदो इट वॉज रेनिंग, वी वेंट आउट.' बस.

प्रश्न : 'देन', 'दस', 'हेन्स' यांच्यानंतरही प्रत्येक वेळी स्वल्पविराम द्यायचा?

उत्तर : नाही. हे छोटे शब्द बहुतेकदा त्याशिवायच बरे दिसतात. आधीचा अर्धविराम मात्र सुटत नाही : 'द फ्यूज ब्लू; दस द मोटर स्टॉप्ड.' पुढे पूर्ण वाक्य नसून क्रियापदाचं 'इंग' रूप असेल तर अर्धविराम बाद : 'द व्हॉल्व्ह जॅम्ड, दस स्टॉपिंग द फ्लो.' 'द रोड वॉज क्लोज्ड; हेन्स द डिले' हा रूढ अपवाद. 'हेन्स द डिले' पूर्ण वाक्य नाही, तरी तिथला अर्धविराम चालतो.

'देन'बाबत लोक सैल असतात. 'स्विच ऑफ द मशीन, देन रिमूव्ह द कव्हर' अशी सूचना छापील माहितीपत्रकांत सर्रास दिसते. औपचारिक लिखाणात 'अँड देन' करा, वाद मिटतो.

'देअरफोर' मध्ये आलं तर स्वल्पविराम न देणंही मान्य आहे : 'वी देअरफोर डिसायडेड टु वेट.' ही सवलत 'हाउएव्हर'ला मिळत नाही.

प्रश्न : निबंधात परिच्छेद जोडायला 'मोअरओव्हर' वापरलं तर गुण कमी होतात का?

उत्तर : वापरल्याने नाही, चुकीच्या जागी वापरल्याने. 'मोअरओव्हर'नंतरचा मुद्दा आधीच्या मुद्द्याच्याच बाजूने बोलला पाहिजे. 'द फोन इज चीप. मोअरओव्हर, द बॅटरी इज वीक' यात पहिलं वाक्य स्तुतीचं, दुसरं तक्रारीचं. इथे 'हाउएव्हर' हवं. लिहून झाल्यावर असे सगळे शब्द एकदा काढून निबंध वाचा. जिथे अर्थ अडत नाही, तिथे ते परत घालू नका. जिथे अडखळायला होतं, तिथे आधी नातं कोणतं ते ठरवा : विरोध, परिणाम की भर? चिन्हांचा विचार त्यानंतर.